अर्ध्या मिनिटाचा खडखडाट
जमिनीखालचं पाणी बोलतं, पण ते ऐकायला कान लागतो. आमच्या पाणीखात्यात तो कान एकाच माणसाकडे होता, म्हणून त्यांचं नाव पडलं कानमास्तर. हातात पुरुषभर उंचीची पोलादी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. पहाटे रस्ते निजलेले असताना, खाली पाईप कुठे फुटलाय ते शोधायला मास्तर सळई व्हॉल्व्हवर टेकवत, वाटी कानाला लावत आणि डोळे मिटत. आम्ही खणणारे कुदळी सरसावून उभे. मास्तर म्हणत, "थांबा. पाईप चहाडखोर असतो, इथलं तिथं सांगतो. दोन ठिकाणी ऐकल्याशिवाय खड्डा नाही." त्यांनी एकही खड्डा वाया घालवला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्या नोकरीतली अकरा वर्षं कुदळ माझ्या हातात होती.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मास्तरांनी वॅगन मोटार घेतली. जुनी, युरोपातली. दिसायला लांबलचक, गरीब, घरंदाज. मागचा दरवाजा उघडला की शिडीसुद्धा आडवी मावावी. पण बॉनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन, शर्यतीच्या गाडीला शोभेल असं. तसल्या गाड्या तिच्या मुलखातही थोड्याच बनल्या. आमच्या भागात तर एकच. आधीचा मालक दातांचा डॉक्टर. त्याने ती एवढ्या स्वस्तात का दिली, हे मास्तरांना वर्षभरात उमगलं. एका हेडलाइटला नव्या स्कूटरची किंमत. पेट्रोल तर ती गटागटा प्यायची. सुटा भाग परदेशातून यायला सहा आठवडे. एकदा डावा आरसा मागवला तर उजवा आला.

"आता गाडी उलटी चालवा," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे मास्तरांची बायको, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. "त्यापेक्षा सवत आणली असती तरी परवडलं असतं. निदान भाजी तरी निवडली असती."

पण बहिणीकडे जायचं म्हटलं की याच बाई सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर बसलेल्या असत.

मी एकदा मास्तरांना विचारलं, एवढा जीव का लावलात? त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "अरे, जन्मभर फुटलेल्याचाच आवाज ऐकला. न फुटलेलं काहीतरी ऐकावंसं वाटलं."

आणि एका सकाळी तेही फुटलं. गाडी सुरू केली आणि खालून खडखडाट उठला, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा. अर्धं मिनिट, मग शांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. इंजिन थंड असतानाच, दिवसातून एकदाच.

मेकॅनिक माणूस सरळ. त्याने सकाळी येऊन ऐकलं आणि चेहरा पाडला. "मास्तर, या इंजिनाचं हेच दुखणं. आतली चेन सैल होते. आणि ती बसवलीय मागच्या अंगाला, म्हणजे अख्खं इंजिन उतरवायचं. नुसतं उतरवून बघायचं म्हटलं तरी गाडीची निम्मी किंमत. दुरुस्ती धरली तर गाडीपेक्षा जास्त."

"आणि तशीच चालवली तर?"

"एक दिवस चेन तुटेल. मग भंगार."

नाकापेक्षा मोती जड झाला. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून जुन्या गाड्या सुट्या करून विकणाऱ्या माणसाला बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी दहाला येणार होता. मागचं सामान काढायला मला सकाळी सातलाच हाक मारली.

मी शिडी उतरवली, नळाच्या अवजारांची पेटी उतरवली, शेवटी सळई हातात घेतली. मास्तर पायरीवर बसून राहिले होते. बाई बाहेर आल्या, सळईकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"अहो, या सळईने ऐकलंत का गाडीला?"

"मेकॅनिकनं ऐकलंय."

"तुम्ही?"

"वरून ऐकलंय. स्पष्ट आहे."

"वरून! एका ठिकाणी!" बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सगळ्या गावाला सांगता, दोन ठिकाणी ऐकल्याशिवाय खड्डा नाही. आणि घरचं दुखणं आलं की लोकां सांगे ब्रह्मज्ञान? आण रे ती सळई इकडे. मी किल्ली फिरवते."

मास्तर उठले. मला वाटतं, ते घाबरले होते. गाडी थंड होती, आवाज अर्धं मिनिटच टिकणार होता, आणि तेवढ्यात दोन जागा ऐकायच्या होत्या.

बाईंनी किल्ली फिरवली. खडखडाट उठला. मास्तरांनी सळई इंजिनाच्या मागच्या अंगाला टेकवली, डोळे मिटले. मी मनात आकडे मोजत होतो. आठपर्यंत आलो तर त्यांनी मान हलवली. "इथं चेन सुरळीत फिरतेय. इथं काही नाही."

मग ते गाडीशेजारी पुठ्ठ्यावर आडवे झाले, सळई खाली सरकवली, सायलेन्सरच्या नळीला टेकवली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले. "कान गेला माझा."

"कान कसला जातोय!" बाई आतून ओरडल्या. "आवाजच थांबलाय! सळई उचला बघू!"

उचलली. खडखड खडखड. टेकवली. गप्प. उचलली. खडखड. आम्ही तिघंही हसत सुटलो, आणि हसता हसता आवाज आपोआप थांबला. अर्धं मिनिट संपलं होतं.

नळीवर उष्णता अडवायला एक पातळ पत्रा असतो, सळई नेमकी त्यावरच दाबली गेली होती. त्याची पट्टी गंजून तुटली होती, आणि थंड इंजिन जोरात धावतं तेवढा वेळच तो थरथरायचा. साप साप म्हणून भुई धोपटत होतो आम्ही! नळी गार होईपर्यंत मास्तर तिच्याजवळून हलले नाहीत. मग त्यांनी आपल्याच पेटीतला पाण्याच्या पाईपचा एक क्लॅम्प काढला आणि पत्र्यावर आवळला. माझा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा किती पडला असेल!

दहाला तो माणूस टोइंगची गाडी घेऊन हजर. बाई फाटकात.

"विकायची नाही."

"अहो, काल तर म्हणाले इंजिन गेलंय!"

"इंजिन कुठं गेलं? यांचा धीर गेला होता. तो सापडला."

मास्तरांनी मेकॅनिकला फोन लावला. पत्र्याचं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "म्हणजे मी इंजिन उतरवलं असतं ते..."

"वाया गेलेला खड्डा," मास्तर म्हणाले. "चालायचंच. तू उद्या सकाळी ये, ऐकून जा."

चेन कधीतरी झिजेल, हे त्यांना ठाऊक आहे. गाडी म्हातारी आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं अंगणात उभे होतो, बाईंनी किल्ली फिरवली, आणि इंजिन भरल्या नदीसारखं एका सुरात वाहत राहिलं. मास्तरांनी या वेळी सळई आणलीच नव्हती.

मी शिडी, पेटी पुन्हा मागे नेऊन ठेवली. सळई सगळ्यात शेवटी, हाताशी येईल अशी.