सासऱ्यांच्या गाडीचा हीटर

दुरुस्त होणार नाही अशी वस्तू जगात नाही, असं माझे सासरे छातीठोकपणे सांगतात. आणि त्यांनी तिला हात लावेपर्यंत ते खरंही असतं. आणे पठारावर त्यांची शेती आहे, पाण्याच्या दोन चालू आणि चार खोललेल्या मोटारी आहेत, आणि माझ्या लग्नाहून जुनी एक चारचाकी आहे. काढलेला पार्ट ते कधी टाकत नाहीत आणि गॅरेजची पायरी कधी चढत नाहीत. "मेकॅनिक काय करतो पावणं? आपलीच गाडी खोलतो न् आपल्यालाच शिकवतो!"

गेल्या थंडीत हा बाणा अडचणीत आला. सासूबाईंचे गुडघे दुखतात. दर मंगळवारी सकाळी त्यांना नारायणगावच्या दवाखान्यात शेक घ्यायला न्यायचं, आणि पठारावरचं वारं काचा बंद असल्या तरी आत शिरतं. गाडीत हीटर होता, पण आजारी माणसाने फुंकर घालावी इतपतच. सासऱ्यांनी त्याचा पंखा बदलला. गार हवा जोरात येऊ लागली. फटींत घोंगडीच्या चिंध्या कोंबल्या. मेंढरांचा वास येऊ लागला. इंजिन तापावं म्हणून पुढच्या जाळीला द्राक्षांच्या पेटीचा पुठ्ठा बांधला, तेव्हा फक्त सासरे तापले. तिसऱ्या मंगळवारी सासूबाई ओट्यावरच बसून राहिल्या. "गुडघं बरं करायला जाते न् गोठून येते. मी न्हाई यायची आता." दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन चक्क गॅरेजात गेले.

मेकॅनिकने बॉनेट उघडून विचारलं, "काका, थर्मोस्टॅट कुठाय?" म्हणजे इंजिनाचं पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी छोटी झडप. ती नसली की पाणी कोमटच राहतं, मग हीटर ऊब आणणार कुठून? "मीच काढलाय," सासरे अभिमानाने म्हणाले. "एका उन्हाळ्यात घाटात गाडी उकळली व्हती. तवापासून एकदाबी उकळली न्हाई!" मेकॅनिक माझ्याकडे बघू लागला, मी रस्त्यावरच्या जीपांकडे.

घरी सासूबाईंनीच एक गंजका डबा पुढे केला. "ह्यात असंल. फेकते म्हटलं की भांडत व्हता ना?" सासऱ्यांनी चहाच्या पातेल्यात पाणी उकळून झडप आत सोडली. ती हळूच उघडली. "बगा पावणं, आपण जपून ठिवली म्हणून!" त्या दिवशी चहा कुणी घेतला नाही. परत गॅरेजात नेल्यावर मेकॅनिकने झडप बसवून दिली.

पुढच्या मंगळवारी हीटर खरोखर तापला. आळेफाट्यापर्यंत सासरे मला इंजिनशास्त्र शिकवत होते, आणि मग अचानक गप्प झाले. शेजारी सासूबाईंना झोप लागली होती. दुखण्यापायी कित्येक दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. नारायणगाव आलं, दवाखाना आला, आणि मागेही पडला. "मामा, दवाखाना गेला," मी म्हणालो. "हळू बोला राव. झोपलीय ती."

मंचर गेलं, पेठ आलं. या माणसाला मी आजवर मनातल्या मनात किती हसलो होतो, आणि आता मला त्यांचा हेवा वाटत होता. डॅशबोर्डखाली काहीतरी बारीक खडखडत होतं. एरवी त्यांनी तिथेच गाडी थांबवून पाना काढला असता. त्या दिवशी त्यांनी ते खडखडू दिलं.