रनाळ्यातलं शूटिंग आणि सुरतचा दादा

आमच्या सिनेमाच्या युनिटमध्ये आम्ही सात जण होतो. आता कुणी पुण्यात, कुणी नाशकात. फोन झाला की सिनेमाबद्दल कुणी बोलत नाही, "तात्यांचा किस्सा सांग ना" एवढंच. सिनेमा दीड तासात आटोपला, किस्से काही आटपत नाहीत!

सिनेमा दोन भावांचा, म्हणजे माझा आणि दादाचा. दहावीनंतर दादा नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या पथारीवर पोती उचलायला लागला, म्हणून मी कॉलेजात गेलो. एकदा त्या पथारीवरच मित्रांसमोर मी त्याला ओळख दाखवली नाही. त्याच आठवड्यात तो सुरतला कापडाच्या लूमवर निघून गेला. दिवाळीला येतो, सगळ्यांशी बोलतो, मला फक्त "बरा शे ना?" विचारतो. हा सिनेमा त्याने बघावा, एवढ्यासाठी मी तो केला.

*

पथारीवरचं शूटिंग. मैदानभर लाल मिरच्या पसरलेल्या. अर्धा सीन झाला आणि आम्ही जेवायला गेलो. परत येतो तर बायांनी मिरच्या गोळा करून भलतीकडेच पसरलेल्या. कॅमेरामन डोकं धरून बसला. त्यांच्यातली सखूबाई म्हणाली, "तुम्हनं शूटिंग सकायबी व्हई. मिरचीले आजच ऊन दखाडनं पडस."

दुसऱ्या दिवशी आम्ही उपाशीच शूटिंग केलं.

*

आमच्या गावच्या, रनाळ्याच्या स्टँडवर बाजाराच्या सीनसाठी खरी एसटी थांबवली होती. गावकऱ्यांनी चढायचं, 'कट' म्हटलं की उतरायचं. सगळे उतरले, शेजारचे तात्या काही उतरेनात.

"तात्या, उतरा ना."

"खिडकीनी जागा भेटेल शे. कोनी उतरस का?"

गेले थेट नंदुरबारला. संध्याकाळी भाजी घेऊन परत आले. पिशवी कुठून आणली होती, ते अजून कळलेलं नाही.

*

आईचं काम आईनेच केलं. सीन एवढाच, की मोठा मुलगा पेटी उचलून निघतो आणि ती चुलीपाशी गप्प बसते. पण दर टेकला ती बोलायचीच, "जेवन करीसन जाय."

मी म्हटलं, "माय, त्या दिनले तू गप्प व्हती."

"व्हती ना. म्हनीसन तर आते बोली ऱ्हायनी."

तोच टेक ठेवला.

*

दादाचं काम करणाऱ्या किरणला आईने ट्रंकेतला दादाचा जुना शर्ट दिला होता. पॅकअप झालं तरी हा तो घालून गावभर हिंडतोय आणि आई त्याच्या मागे. "काढ रे भो, धोईसन ठेवनं शे. त्याले लागी."

दादाला तो शर्ट आता बसायचा नाही. मला माहीत होतं, पण आईला सांगवलं नाही.

*

दिवाळीला दादा आला. दुपारी स्वतःच म्हणाला, "दखाड तुन्हा पिक्चर."

लॅपटॉप लावला. शेवटी मोठा भाऊ बसमध्ये बसतो, धाकटा धावत स्टँडवर येतो आणि बस हलायच्या आत खिडकीतून त्याचा हात धरतो.

"हाई खोटं शे," दादा म्हणाला. "तू उना नही. मी फाटालगून मांगे देखत व्हतू."

"उना व्हतू, दादा. बस निंघी गई व्हती."

त्या दिवशी स्टँडवर धावत गेलो होतो, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दादाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "तो सीन परत लाव."