दोन किल्ल्या, दोन साडू

बँक निघाली तेव्हा तेलघाणीवाले चेअरमन भर सभेत म्हणाले होते, "आसपासच्या बँका चोरांनी नाही, जिवलग दोस्तांनी बुडवल्या. आपल्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वैऱ्यांकडे राहतील." गावात वैऱ्यांचा तुटवडा नव्हता; पण दोघेही लिहिते-वाचते अशी जोडी एकच, आणि ती निघाली साडूंची. एक कॅशियर झाला, दुसरा अकाउंटंट.

कॅशियरने हे काम मन लावून केलं. गल्लीत त्याला 'किल्लीवाले' म्हणत, आणि त्याला दुसरं नाव नकोच होतं. रोज सकाळी तिजोरीच्या खोलीत दोन किल्ल्या फिरत, त्यांच्याबरोबर दोन तोंडंही सुटत.

"आलास? वाटलं, सासऱ्याने दिलेली स्कूटर बंद पडली असेल," कॅशियर म्हणे.

"पडली तर तुलाच ढकलायला बोलावीन. दुसरं येतंय काय तुला?"

बाहेर रांगेतल्या ठेवीदारांना हे ऐकून हायसं वाटे. वार्षिक सभेत अहवाल मंजूर झाला की "दोघांचं अजून पटत नाही ना?" एवढं विचारून चहा मागवला जाई.

पण वैरही वापराने झिजतं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांची खुर्ची मोडली, साहेब भुईसपाट झाले, आणि दोघे साडू एकमेकांकडे बघून पोट धरून हसले. चेअरमनांनी ते काचेतून पाहिलं. संध्याकाळी संचालकांची बैठक लागली.

"चेअरमनसाहेब, खुर्ची मोडली म्हणून हसलो," कॅशियर म्हणाला.

"खुर्चीचं सोडा. एकमेकांकडे बघून हसलात. आता एक किल्ली काढून घ्यावी लागेल. अकाउंटंटशिवाय आमचं अडेल, तेव्हा तुमचीच."

अकाउंटंटने आपणहून मदत केली. "हा? हा तर माझी स्कूटर ढकलायच्याही लायकीचा नाही!"

एका संचालकाने जांभई दिली. "हे पाठांतर झालं."

कॅशियरने खिशातली किल्ली घट्ट धरली. "ज्याच्या पोटचा पोरगा घर सोडून गेला आणि बाप जिवंत आहे का तेही विचारत नाही, त्याच्याशी मी दोस्ती करू?"

इतक्या वर्षांच्या भांडणात ही एक गोष्ट दोघांनी कधी तोंडात आणली नव्हती. तो पोरगा कॅशियरच्याच अंगणात वाढला होता.

चेअरमनांचा चेहरा खुलला. "किल्ली राहू द्या यांच्याकडेच. चहा सांगा रे."

कॅशियरच्या घरी बातमी आधीच पोचली होती. बायकोने त्याचं ताट वाढलं, आपलं उचललं आणि ती आत निघून गेली. तो पोरगा तिचा भाचा होता.

सकाळी अकाउंटंट आला. त्याने किल्ली फिरवली.

"स्कूटर चालू झाली वाटतं आज?" कॅशियरने विचारलं. मग जरा थांबून, जरा हळू, पुन्हा विचारलं.

अकाउंटंट जागेवर जाऊन बसला.

बाहेरची रांग कान टवकारून उभी होती. आतून उलट उत्तर आलं नाही. पुढचा म्हातारा मागच्याला कोपराने ढोसत म्हणाला, "मिटलं की रे दोघांचं!" आणि खिडकीशी येऊन त्याने कॅशियरपुढे पावती सरकवली.

"किल्लीवाले, माझी ठेव मोडायची आहे. सगळी."

मागची रांग तोवर दाराबाहेर गेली होती.