खोडलेले साडेबारा

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाईंना त्यांच्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मुलं पाठीमागे 'ब्युरेटबाई' म्हणायची, आणि एखादा धांदरट समोरही म्हणून जायचा. बाई रागावत नसत. बावीस वर्षं त्या उभ्या काचेच्या नळ्या धुतल्यावर दुसरं काय म्हणणार? त्यांचा हुद्दा प्रयोगशाळा सहाय्यक. द्रावणं बनवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, नळाच्या तोट्यांवर लक्ष ठेवायचं, आणि परीक्षा झाली की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे.

महाविद्यालयीन शिक्षकांचं एक मासिक होतं. ते महिनाभर स्टाफरूममधल्या चहाच्या कपांखाली पडून राही आणि मग रद्दी म्हणून बाईंकडे येई, कारण सुट्टीत काचसामान गुंडाळायला त्याचा कागद फार छान. पण बाईंना एक खोड होती. कागद फाडण्याआधी त्या वाचत. उच्च शिक्षणाचं काय चुकलं यावर त्यात दर महिन्याला चार-पाच लेख असत. बावीस वर्षांत बाईंनी असे किती लेख वाचले आणि त्यांत किती चंचुपात्रं गुंडाळली, हिशोब नाही. त्यांचं मत एकच झालं होतं. लिहिणाऱ्यांचं शिक्षण फारच उच्च होतं, पण प्रयोगशाळेच्या दारापर्यंत त्यांतलं कोणी खाली उतरलेलं दिसत नव्हतं.

आपणही लिहावं, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. लिहायला लावलं ते त्यांच्याच चुकीने.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्लाचं द्रावण बनवायला घेतलं. पाच लिटरच्या कॅनमध्ये थोडं पाणी घेऊन त्यात मोजून आम्ल घातलं, मग वर पाणी सोडलं. तेवढ्यात कचेरीतून बोलावणं आलं, म्हणून नळ बंद करून गेल्या. परत आल्या तेव्हा पाणी चार लिटरच्या खुणेवर होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांची नजर चुकली, कॅन भरला असं समजून त्यांनी झाकण लावलं. म्हणजे द्रावण झालं नको तितकं कडक. ब्युरेटचं रीडिंग, म्हणजे ते आम्ल उदासीन करायला लागणारं अल्कलीचं माप, दरवर्षी दहा यायचं, ते यंदा साडेबारा यायला हवं होतं.

परीक्षा संपल्यावर कॅन विसळायला उचलला तेव्हा द्रावणाची कड चार लिटरच्या खुणेवरच दिसली आणि चूक लक्षात आली. अडतीस मुलं! त्यांनी तिथेच ब्युरेट लावली. साडेबारा. पुन्हा लावली. साडेबारा. तिसऱ्यांदाही तेच. रडवेल्या होऊन त्यांनी गठ्ठा सोडला आणि एकेक उत्तरपत्रिका पाहू लागल्या.

दहा. नऊ पूर्णांक नऊ. दहा. दहा पूर्णांक एक. दहा.

अडतीसच्या अडतीस जणांचं दहा! मागच्या वर्षीच्या वह्यांत दहा होतं, त्याच्या आधीच्या वर्षीही दहा होतं, मग यंदा कशाला बदलेल? बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण देऊन सही ठोकली होती. त्यांच्या शेजारी विभागप्रमुख सरांची सही होती.

फक्त एका पानावर 'साडेबारा' लिहून खोडलं होतं. दोन आडव्या रेघा, आणि वर घाबऱ्या अक्षरात 'दहा'. त्या पानाकडे बाई किती वेळ बघत राहिल्या कोण जाणे.

त्या तशाच सरांकडे गेल्या. "सर, माझ्याकडून चूक झाली. द्रावण कडक झालं होतं."

सरांनी गठ्ठा चाळला. "सगळ्यांचं दहा आलंय ना?"

"हो सर."

"मग तुमचं द्रावण बरोबरच असणार. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

सुंठीवाचून खोकला गेला, असं दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं. बाईंना मात्र संताप आला. आपली चूक कोणी पोटात घातली याचा नव्हे, ती चूक कोणाला दिसलीच नाही याचा. त्यांनी कॅनमधलं उरलेलं द्रावण एका बाटलीत भरलं, बूच घट्ट बसवलं, तारीख घातली आणि कपाटात मागे ठेवून दिलं.

नवरा शिंपी होता. त्याच्या कापायच्या टेबलावर, खडूच्या खुणांमध्ये बसून बाईंनी सहा संध्याकाळी लेख लिहिला. आपली चूक पहिल्या ओळीतच सांगितली. मग दहा, दहा, दहा. मग ते खोडलेलं साडेबारा. शेवटी लिहिलं, 'त्या दिवशी अडतीस मुलांत एकच शास्त्रज्ञ होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्याकडून उत्तर खोडून घेतलं.' हे लिहिल्यावर वाटलं तितकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"सर ओळखतील की," नवरा म्हणाला.

"ओळखू देत."

"ब्युरेटी काढून स्टोअरला बसवतील तुला. झुरळं मोजत बसशील."

सासूबाई कोपऱ्यात काजं करत होत्या. त्यांनी दाताने दोरा तोडला. "बसवू देत. तिथली झुरळं तरी खरी मोजली जातील!"

लेख गेला. बाराव्या दिवशी संपादकांचा फोन आला तेव्हा बाईंच्या एका हातात ब्रश होता आणि एका हातात ओली ब्युरेट.

"लेख झकास आहे हो! एका बैठकीत वाचला. फक्त एक अडचण आहे. आमच्याकडे लिहिणारे सगळे प्राध्यापक. खाली 'प्रयोगशाळा सहाय्यक' छापलं तर लोक म्हणतील, ही कोण? आपण नुसतं 'प्राध्यापिका' घालू. कोण विचारतंय?"

इतक्या वर्षांच्या रद्दीतून वर येऊन छापलं जायचं होतं, तेही थेट प्राध्यापिका म्हणून! नाही म्हटलं तर लेख गेला बोंबलत. हो म्हणायला तोंड उघडलं आणि समोर त्या दोन आडव्या रेघा आल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझं साडेबारा आहे. दहा लिहू नका."

पलीकडून नुसतं "बघतो" म्हणून फोन ठेवला गेला.

पुढचे वीस दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. एकदा त्यांनी पाण्याच्या बाटलीवर आम्लाची चिठ्ठी लावली, एकदा नवऱ्याच्या डब्यात नुसती झाकणं भरली. टपालाची वेळ झाली की जिन्यातल्या पावलांकडे कान. शेवटी अंक आला. स्टाफरूममध्ये पोचायच्या आत त्यांनी शिपायाच्या हातून तो ओढलाच. अनुक्रमणिका बघायचाही धीर नव्हता, मागूनच पानं उलटली. पान एकतीस. आणि खाली, ठळक अक्षरांत, 'लेखिका एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहाय्यक आहेत.'

बाई ओरडल्या. चक्क ओरडल्या! खाली तळमजल्यावरच्या ग्रंथपालाने काहीतरी फुटलं असं समजून वर धाव घेतली. बाईंनी त्याला ते पान दाखवलं, शिपायाला दाखवलं, नळाखाली हात धुणाऱ्या दोन मुलींना दाखवलं. मग नवऱ्याला फोन लावला. पलीकडे मशीन थांबल्याचं ऐकू आलं, आणि मागून सासूबाई "छापलं का? छापलं का?" करत होत्या.

दुपारी सरांनी अंक मागवला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

तेव्हा कुठे बाईंचे पाय जमिनीला लागले. एक तास गेला, दोन गेले. दार उघडेना. बाईंनी धुतलेल्या ब्युरेटी पुन्हा धुतल्या. स्टोअरच्या किल्ल्या कुठल्या खिळ्याला असतात तेही आठवून ठेवलं. भीती होतीच, पण गंमत म्हणजे पश्चात्ताप कुठे सापडेना.

चार वाजता सर प्रयोगशाळेत आले. हातात अंक होता.

"ते द्रावण टाकून दिलंत?"

"नाही सर. आहे."

"आणा."

बाईंनी कपाटातली बाटली काढली, अल्कलीचं ताजं द्रावण घेतलं आणि एक ब्युरेट उभी केली. सरांनी बाह्या वर सारल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने तोटी फिरवून किती वर्षं झाली होती देव जाणे. पहिल्यांदा धार सुटली, अल्कली जास्त पडली आणि फ्लास्क एकदम गडद गुलाबी झाला. बाईंनी तो विसळून दिला. सरांनी पुन्हा सुरुवात केली, या वेळी थेंब थेंब, श्वास रोखून. फिकट गुलाबी रंग चढला आणि टिकला. सर वाकले, डोळा नळीच्या रेषेत आणला.

"साडेबारा," ते हळूच म्हणाले. मग वर बघितलं. प्रॅक्टिकलला पहिल्या दिवशी आलेली मुलं बघतात तसं. "बाई, बरोबर आहे?"

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. बावीस वर्षांत हा प्रश्न सरांनी त्यांना कधी विचारला नव्हता. तरी त्यांनी ते उत्तर दिलं नाही. ब्युरेट पुन्हा शून्यापर्यंत भरली.

"अजून दोनदा करा, सर. एका रीडिंगवर आपण विश्वास ठेवत नाही."

सरांनी निमूटपणे पिपेट उचलली.