ताईंच्या भिंतीतले खिळे

ताईंच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाच्या हातात पाण्याआधी हातोडी यायची. "एक खिळा ठोका. कुठेही ठोका, घर माझं आहे!" असं म्हणून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. त्यावर टांगायला काही नसलं तरी चालायचं.

ताई आमच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. साताऱ्याकडच्या, एकट्या. उमेदीची सगळी वर्षं दिल्लीतल्या मुनिरक्यात भाड्याच्या खोल्यांत गेली. खोल्या बदलल्या, पण घरमालकांची अट एकच, "दीवार में कील नहीं ठोकनी." त्यामुळे त्यांचं घड्याळ कायम ट्रंकेवर भिंतीला टेकून बसलेलं. पुढे देशात खुलेपणाचे वारे आले, फरीदाबादच्या पलीकडे शेतांत बिल्डरांच्या पाट्या उगवल्या आणि तुमच्या-आमच्यासारख्या नोकरदारांना घराची स्वप्नं पडू लागली. ताईंनी पै न पै भरून दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. ताबा मिळाला. रजिस्ट्री मात्र बिल्डर "अगले महीने, मैडम" म्हणत पुढे ढकलत राहिला.

वास्तुशांतीला मी मयूर विहारहून गेलो होतो. सगळी इमारत जेवायला. पहिला खिळा सोसायटीच्या सेक्रेटरींनी ठोकला, घड्याळासाठी. मग पोळीवर तूप मागून घेत म्हणाले, "बहनजी, अब आप हमारे परिवार की हैं." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तो माणूस तेव्हाही आवडला नव्हता, पण पुरणपोळी फार चांगली होती.

पुढे बिल्डरने कर्ज बुडवलं आणि कोर्टाने त्याची मालमत्ता जप्त केली. रजिस्ट्री न झालेले फ्लॅट कागदोपत्री अजून त्याचेच, म्हणजे ताईंचाही. दारावर नोटीस चिकटली. वकिलाने धीर दिला. जप्तीच्या हुकमाआधीच पैसे देऊन ताई इथे राहायला आल्या होत्या, हे दाखवलं तर घर सुटू शकतं, म्हणाला. पावत्या होत्या. वीज मात्र बिल्डरच्याच मीटरवरून, त्यामुळे राहण्याचा पुरावा म्हणजे शेजाऱ्यांची साक्ष.

ताई दारोदार फिरल्या. मी सोबत होतो. कोणी चहा दिला, कोणी देवाचं नाव घेतलं, साक्षीचा विषय निघाला की सगळे हात वर. एकाला तर ताई कधी राहायला आल्या तेच आठवेना. पठ्ठ्याने त्यांच्या भिंतीत दोन खिळे ठोकले होते! सेक्रेटरी म्हणाले, "बहनजी, मुझे तो ठीक से याद नहीं. और कोर्ट-कचहरी में सोसायटी का नाम खराब होता है."

जेवायला अख्खी इमारत आणि साक्षीला मी एकटा. त्यात मी ताईंच्याच ऑफिसातला, समोरच्या वकिलाने मला दोन वाक्यांत झटकून टाकलं. अर्ज फेटाळला गेला.

बिल्डर चोरच होता, त्याच्याकडून मी दुसरी अपेक्षा केली नव्हती. मला किळस येते ती या इस्त्रीच्या कपड्यांतल्या, सकाळी हात जोडून नमस्ते करणाऱ्या माणसांची.

लिलावात तो फ्लॅट कोणी घेतला असेल? सेक्रेटरींनीच, मुलासाठी, स्वस्तात. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात हे ऐकलं होतं, आता एकाला जवळून पाहिलं. ताईंचं घड्याळ आत राहिलं होतं, ते आणायला मी गेलो. सेक्रेटरींनीच दार उघडलं, हसून घड्याळ उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. मी खिळ्याकडे बघतोय असं त्यांना वाटलं असावं.

"कील रहने दीजिए," ते म्हणाले. "मैंने ही तो ठोकी थी, पूजा वाले दिन."

त्यांनी पुढे केलेल्या सरबताला हात न लावता मी निघालो.

घड्याळ घेऊन मुनिरक्याला गेलो, ताईंच्या नव्या खोलीवर. सवयीने माझी नजर भिंतीवर गेली.

"इथे नाही ठोकू देत हो," ताई म्हणाल्या. पदराने काच पुसून त्यांनी घड्याळ ट्रंकेवर, भिंतीला टेकवून ठेवलं.