मंत्रीसाहेबांचा खाडा

माझ्या खानावळीत जेवून गेलेला एक जण पुढं आफ्रिकेतल्या एका देशाचा अर्थमंत्री झाला. थाप नाही मारत. त्या देशाचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही, एवढंच.

सोलापुरात तो अर्थशास्त्र शिकायला आला होता. पहिल्याच दिवशी ताटातली ज्वारीची भाकरी मोडून म्हणाला, हे धान्य तर आमचं! त्याची आई म्हणे ज्वारीच्या पिठाचा घट्ट घाटा करायची. मी म्हटलं, "मग दोन भाकरी जास्त खा की." शेंगाचटणीनं मात्र त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं. चार महिन्यांत तोच शेजारच्याची चटणी पळवायला लागला.

माझ्या खानावळीत नियम एकच, पण कडक. ज्याला जेवायला यायचं नाही त्यानं सकाळीच दाराजवळच्या फळ्यावर आपल्या नावापुढं खडूनं 'खाडा' लिहायचं. नाही लिहिलं तर त्याचं ताट मी मांडून, झाकून ठेवायची आणि तो आला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. माझा स्वभावच तापट. आमचे हे म्हणायचे, तव्याच्या आधी हीच तापते.

दुसऱ्याच आठवड्यात हा पठ्ठ्या न सांगता मित्राबरोबर मोडनिंबला गेला. संध्याकाळी उगवला तेव्हा मी सकाळचं ताट तसंच त्याच्यापुढं सरकवलं. "तू आला न्हाईस, अन् ही भाकरी दुसऱ्या कुणाला मिळाली न्हाई. उशिरा आलेला गिरणीतला म्हातारा अर्धपोटी उठला. तुमच्या अर्थशास्त्रात हे शिकवत न्हाईत व्हय?" त्यानं मान खाली घालून ती गार भाकरी संपवली. मग हात धुऊन वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तिसऱ्या वर्षी घरून फोन आला, वडील गेले. त्याच दिवशी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. "मावशी, खाडा लिवा."

"किती दिवसांचा?"

"सांगता येत न्हाई."

मग खडू घेऊन मीच लिहिला.

त्यानंतर ना पत्र, ना फोन. मला असा राग आला! दोन ओळी लिहायला काय बोटं झिजली असती? त्याच्या वर्गातला एक जण इथंच प्राध्यापक झाला, त्याच्याकडून काय कळेल ते कळायचं. हा तिकडं आधी मास्तर झाला, मग सरकारी बँकेत गेला, मग सरकारचा सल्लागार. दुष्काळ पडला तेव्हा वरून सांगितलं, उपाशी माणसांचे आकडे दाबा. यानं राजीनामा टेबलावर टाकला आणि वर्षभर घरी बसला. ते ऐकून मी प्राध्यापकालाच दोन लाडू चारले. पुढं सरकार बदललं आणि हा मंत्री झाला. प्राध्यापकानं मोबाईलवर त्याची मुलाखत दाखवली. तो सांगत होता, ज्या जिल्ह्याला धान्य नको असेल त्यानं आधीच कळवायचं, म्हणजे ते भुकेल्या जिल्ह्याकडं जातं. आणि हे त्याला भारतातल्या एका रागीट बाईनं शिकवलं म्हणे. रागीट! मेल्याला माझं तेवढंच आठवलं.

गेल्या हिवाळ्यात कळलं, तो चिंचोळीला टॉवेलचा कारखाना बघायला येणार. खानावळ आता सून चालवते. मनगट गेल्यापासून माझं भाकरी थापणं बंद आहे. पण एकदा, फक्त एकदा, त्यानं माझ्या हातची भाकरी खावी, हे मनात बसलं ते बसलंच. माझं वय काय आता थांबणार आहे? प्राध्यापकाकडून निरोप धाडला. उत्तर आलं नाही.

दोन दिवस आधी आमच्या गल्लीत डांबराची गाडी शिरली. वर्षानुवर्षांचे खड्डे पटापट बुजायला लागले. महापालिकेचा एक साहेब घाम पुसत म्हणाला, "मावशी, मंत्रीसाहेबांचा तुमच्यासाठी खास मेसेज आहे. गल्लीत खड्डा नको म्हणतात." म्हटलं, दाखवा बघू. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. सुनेनं मोठ्यानं वाचलं, "मावशी, बुधवारी खाडा नाही."

मी ओट्यावर बसून पोट धरून हसले. "अवो साहेब, खड्डा न्हवं, खाडा! तो जेवायला येतोय!"

साहेबाचा चेहरा पडला. जेवण हॉटेलात ठरलंय, म्हणाला, कार्यक्रमात इकडं येणं बसतच नाही. मी म्हटलं, "रस्ता केलासा न्हवं? आता गाडी येऊ द्या की."

बुधवारी एक वाजला, दोन वाजले. सून हळूच म्हणाली, "आत्या, साहेब बोलले तसंच झालं असणार. तवा उतरवू?" मी तिच्यावर खेकसले, "त्यानं खाडा न्हाई म्हटलंय!" पण माझाही धीर सुटत आला होता.

अडीच वाजता गाड्या वाजल्या. केस पिकलेले, पोट सुटलेलं, पण दारात बूट काढायची घाई तीच. "मावशी, उशीर झाला. द्या शिव्या." इतकी वर्षं साठवलेल्या शिव्या, ऐन वेळी एक आठवेल तर शपथ. पाटावर बसून त्यानं मी थापलेल्या, तव्यावरच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या. मनगट ठणकत होतं आणि मी लई खूश होते.

निघताना त्यानं फळ्याजवळचा खडू उचलला. "खाडा लिहू, मावशी?"

"किती दिवसांचा?"

तो माझ्या सुजलेल्या मनगटाकडं बघत राहिला. "सांगता येत न्हाई."

मी त्याच्या हातातून खडू काढून घेतला. "मग लिहू नगंस. ताट मांडत जाईन."

देशाचा अर्थमंत्री बूट घालायला वाकला, तो बराच वेळ वाकूनच राहिला. मी तर सगळ्यांदेखत रडले.

तेव्हापासून दुपारी एक ताट जास्त मांडते. वाया जात नाही. संध्याकाळी त्याला शिव्या घालत मीच ते जेवते.