ईदगाहाहून परतीची वाट

रमजानचा चाँद दिसला त्याच आठवड्यात ईदगाहाची परतीची वाट खोदली गेली. माझे जुने स्नेही महबूबभाई यांनी फोनवर कळवले. महिन्याच्या मध्यावर मी अर्ज धाडला, सत्ताविसाव्या रोजाला स्मरणपत्र. ईदेच्या सकाळीही चर उघडाच. जबाबदार तिघे: काम अर्धवट टाकणारा ठेकेदार, मंजुरी देणारे अभियंता आणि "बघतो" म्हणून फोन ठेवणारे सरपंच. गावाचे नाव लिहीत नाही. तिघेही स्वतःला ओळखतील.

ईदेच्या पहाटे नांदेडहून निघालो. वसमत मागे पडले आणि हट्ट्याच्या अलीकडे शेताशेतांत हळद शिजताना दिसू लागली. वाफ अशी पसरली होती, की झाडे बुंध्यावाचून तरंगत आहेत असे वाटावे. त्या धुक्यातून शुभ्र कपड्यांतली माणसे निःशब्द चालत होती. मी संतापून निघालो होतो. तरी क्षणभर आपण जागे आहोत की नाही, हे ठरवता येईना.

महबूबभाईंनी शीरखुर्मा (शेवया, खजूर घातलेले दूध) पुढे केला. पहिल्याच घोटाला माझी जीभ पोळली.

"दमानं, वकीलसाब! एवढी घाई तर रोजेदारालाबी न्हाई."

मी वकील नव्हे. कलमे सांगतो म्हणून हे नाव.

नमाजला जावे एका वाटेने, परतावे दुसरीने, ही ईदेची रीत. दुसऱ्या वाटेवर बौद्ध वस्तीत सुशीलाबाई असतात. आता अंथरुणाला खिळलेल्या. तरुणपणी त्यांनी आणि महबूबभाईंनी एकाच मळ्यात हळद काढली. त्यांच्या तळहातावर खजूर ठेवल्याखेरीज महबूबभाईंची ईद पुरी होत नाही.

नमाज झाली, गळाभेटी झाल्या, अंगाला अत्तर लागले. चराशी मात्र महबूबभाईंची काठी थबकली.

"आल्या वाटेनं फिरू," मी म्हणालो.

"न्हाई साब. तुमी कागद लिवा. आमी हितंच हुभं राहतो."

पलीकडून एका बाईने हाक दिली, "चाचा, तिकडं काहून थांबले? आमच्या खळ्यातून या!"

वस्तीतल्या बाया वाळत घातलेली ओलसर हळद फावड्यांनी बाजूला सारत होत्या. त्या पिवळ्या उजेडातून पांढरी रांग सावकाश निघाली. तकबीरचा (ईश्वराच्या थोरवीचा जप) मंद स्वर सोबत होता. पायजम्यांचे काठ हळदीने रंगले.

खाटेवरून सुशीलाबाई म्हणाल्या, "महबूबदादा, ईद करून राहिले का लगीन? हळद लागली की!"

"ह्या वयात पोरगी कोन देतंय, बाई?"

महबूबभाईंनी तळहातावर ठेवलेला खजूर सुशीलाबाईंनी मुठीत धरला. बराच वेळ खाल्ला नाही.

परतीच्या बसमध्ये तो पिवळा उजेड डोळ्यांपुढून हलेना. पण त्याने माझा राग निवला नाही. वहिवाट हा हक्क आहे. खळ्यातून वाट देणे हा चांगुलपणा. शासनाने चांगुलपणाच्या आडोशाला राहून हक्क बुडवू नये. अभियंतासाहेब, ग्रामसभेत उभे राहा आणि सर्वांदेखत सांगा: पुढल्या ईदेला महबूबभाईंनी सुशीलाबाईंच्या दारी कोणत्या वाटेने जायचे?